‘बॅरी’ म्हणजे आपला ‘भारी’ नव्हे

प्रश्न: एडिंबरात झकास गोष्टीला ‘बॅरी’ म्हणतात. हा आपलाच ‘भारी’ ना? आणि तो ग्लासगोत चालेल का?

उत्तर: नाही, ‘भारी’ नाही. अर्थ जुळला, उच्चार जवळचा वाटला की नातं जोडून मोकळं व्हायचं, ही सवय आता सोडायला हवी. ‘बॅरी’ आला रोमा लोकांच्या, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी भारतातून निघून युरोपात पोहोचलेल्या भटक्या लोकांच्या, रोमानी भाषेतल्या ‘बारो’वरून. बारो म्हणजे मोठा. हिंदीतल्या ‘बडा’चा सख्खा भाऊ. ‘भारी’ निघाला संस्कृत ‘भार’मधून, आणि युरोपातल्या रोमानीत शब्दारंभीच्या ‘भ’चा महाप्राण (‘ह’ मिसळलेला) ‘प’ होतो, ‘ब’ नव्हे. भ्राता तिथे ‘प्राल’ झाला (इंग्रजीतला ‘पॅल’ त्याचाच वंशज), भूमी ‘पुव’ झाली आणि भार ‘पारो’ झाला, अर्थ जड. ‘भारी’चा रोमानी नातलग असा ठरलेला असताना ‘बॅरी’ला त्याच्या जागी बसवायचं कारण काय?

कंपनीच्या गोऱ्या शिपायांनी हे शब्द हिंदुस्थानातून नेले असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी साल तरी पाहावं. कंपनी १६०० ची. स्कॉटलंडच्या राजाच्या खजिन्यातून रोमांना, ‘इजिप्शियन’ या नावाने, पैसे दिल्याची नोंद १५०५ ची आहे.

आपलं खरं नातं बघायचं तर ‘चोर’ घ्या! एडिंबरात आणि स्कॉटलंडच्या दक्षिणेकडच्या, इंग्लंडलगतच्या सीमाभागात ‘चोर’ हे क्रियापद आहे. ‘ही चोर्ड इट’ म्हणजे त्याने ते चोरलं. हजार वर्षं रस्त्यावर काढूनही शब्द जसाच्या तसा. फरक फक्त ‘च’चा: त्यांचा चहातला, आपला चमच्यातला. पण माणसाला ‘चोर’ म्हणू नका, तिथे ते नाम नाही. शिवाय घरकामासाठीचा इंग्रजी ‘चोर’ अगदी वेगळा, त्याचा याच्याशी संबंध नाही. ‘डीक’ म्हणजे बघ. आपल्या ‘देखणे’च्या घरातला. हे शब्द याच पट्ट्यात टिकले ते उगाच नाही. सीमेवरचं कर्क येटम हे रोमांचं जुनं ठाणं. तिथे १८९८ पर्यंत त्यांच्या राजाचा राज्याभिषेक होत होता.

ग्लासगोचं म्हणाल तर ‘बॅरी’ तिथे पूर्वेकडचा शब्द ठरतो. ‘स्कॉटिश स्लँग’ अशी एकच पेटी नाहीच. साधं लहान मूल ग्लासगोकडे ‘वेन’, म्हणजे ‘वी एन’, छोटंसं, एडिंबराकडे ‘बेर्न’, आणि ॲबर्डीनच्या बाजूला मुलगा ‘लून’, मुलगी ‘क्वाइन’.