मनगटातून घातलेली नळी हृदयापर्यंत अंदाजानेच ढकलतात का?

अंदाजाने नाही हो. बुधवारी बाबांची अँजिओग्राफी आहे आणि पारावर कोणीतरी ‘नळी भलतीकडे गेली तर?’ म्हणून घाबरवलं, असं तुम्ही लिहिलंय. मी वरुडकडचा, संत्र्याच्या बागेत वाढलेला. आता नागपुरात कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या खोलीत, टेक्निशियन आहे.

नळी जेमतेम २ मिलिमीटर जाड असते आणि एक्स-रेच्या पडद्यावर सरकताना दिसते. दिसत नाही ती रक्तवाहिनी. रक्त आणि आजूबाजूचं मांस एक्स-रेला सारखंच. म्हणून नळीचं तोंड धमनीच्या मुखाशी टेकलं की आयोडीनचं औषध सोडतात. सगळ्या फांद्या काळ्या उमटतात, दोन-चार सेकंदांत रक्तासोबत वाहूनही जातात. तेवढ्यात चित्रण करायचं. ब्लॉक असेल तिथे रेघ बारीक होते.

एवढ्यावर भागत नाही. बागेत एका जागी उभं राहिलं की मागचं झाड पुढच्याआड लपतं ना, तसंच इथे. म्हणून मशीनचा हात फिरवून दुसऱ्या कोनातून परत औषध, परत चित्र. समोरून बरी वाटलेली नस बाजूने पाहिली तर निम्मी बुजलेली निघते. शिवाय दिसते ती पोकळीची सावली, भिंत नव्हे. शंका असली तर ध्वनिलहरींची बारीक नळी नसेतच घालून आतून मोजतात.

मध्येच ‘श्वास घ्या, धरून ठेवा’ असं सांगतील. बाबांना कमी ऐकू येत असेल तर आधीच सांगून ठेवा. आपल्याकडची म्हातारी माणसं संकोचाने सगळ्यालाच ‘हो’ म्हणतात!

दुखण्याचं म्हणाल तर मनगटात सुई टोचते, हातात कधी ओढल्यासारखं होतं. हृदयापाशी नळी सहसा जाणवत नाही. १९२९ मध्ये जर्मनीत वर्नर फोर्समन नावाच्या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून ६५ सेंटिमीटर नळी आत सारली आणि चालत एक्स-रेच्या खोलीत गेला. टोक हृदयात पोचलंय हे चित्रातच दिसलं. १९५६ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

नळीपेक्षा मला त्या औषधाची काळजी जास्त वाटते, कारण ते बाहेर पडतं किडनीवाटे. किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्ताचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट फाईलमध्ये ठेवा. पूर्वी कधी अशा औषधाने अंगावर गांधी उठल्या असतील, शुगरची मेटफॉर्मिन चालू असेल, तर आल्या आल्या सांगा. गोळ्या मात्र मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.