कर्ज मिटवून देणाऱ्या कंपनीला होकार देण्याआधी जामीनदार मोज

भावा, तू जे लिहिलंयस ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. कोल्हापूरच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत नोकरी, हातात ३८ हजार, वहिनींच्या शिवणकामाचे सहा-सात हजार. दोन क्रेडिट कार्डांवर मिळून १ लाख ९० हजार, एका एनबीएफसीचं (बँक नसलेल्या वित्त कंपनीचं) वैयक्तिक कर्ज ३ लाख २० हजार शिल्लक, दोन कर्ज देणाऱ्या ॲपचे ४५ हजार, आणि पतसंस्थेचे दोन लाख, ज्याला तुझा मामा आणि कारखान्यातला एक सहकारी जामीन आहेत. हप्ता अजून एकही चुकलेला नाही, पण एका कार्डातून काढून दुसरीकडं भरणं चाललंय. आता एका कंपनीचा फोन आलाय की हप्ते भरायचे बंद करा, दरमहा ठरावीक रक्कम आमच्या खात्यात टाका, वर्षभरात सगळं अर्ध्यात मिटवतो, फी १५ टक्के. जाऊ का, असा प्रश्न आहे.

माझ्या मते आत्ता जाऊ नकोस. सहकारी बँकेच्या कर्ज आणि वसुली खात्यात माझी सगळी नोकरी झाली. तडजोडीच्या टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीतून हे सगळं बघितलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, या धंद्यात दोन वेगळी कामं एकाच नावाखाली विकली जातात. एक समुपदेशन: कुणीतरी तुझ्याबरोबर बसून जमाखर्च मांडतं, कुठलं कर्ज आधी फेडायचं ते सांगतं, बँकेला काय पत्र द्यायचं ते सांगतं. यात हप्ते चालू राहतात. दुसरं सेटलमेंट: कर्ज मुद्दाम थकवायचं, खातं एनपीए (बँकेच्या लेखी थकीत) होऊ द्यायचं, आणि मग कर्ज देणारा कंटाळला की कमी पैशात मिटवायचं. तुला फोन आलाय तो या दुसऱ्यासाठी, आणि तुझी गरज सध्या पहिल्याची आहे.

आता जामीनदार. फोनवरच्या माणसानं तुला हे विचारलंच नसणार. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली चालते, रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली नाही. तू हप्ता थांबवलास की संस्था सहकार खात्याच्या उपनिबंधकांच्या कार्यालयातून कलम १०१ चा वसुली दाखला काढते. त्यासाठी तिला दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं दावा चालवावा लागत नाही. दाखला हातात आला की वसुली अधिकारी जप्तीपर्यंत जाऊ शकतो, आणि जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. तुझ्याकडून आधी वसूल करा आणि मग माझ्याकडं या, असं म्हणायची सोय मामाला नाही. बाहेरच्या शहरातल्या कॉल सेंटरला पतसंस्थेचा चेअरमन कोण, संचालक मंडळाची बैठक कधी, यातलं काही ठाऊक नसतं. तिथलं कर्ज मिटतं ते शाखेत समोर बसून. आणि गावात मामाच्या दारात वसुलीची गाडी उभी राहिली तर त्याची किंमत कुठल्याच १५ टक्क्यांत बसत नाही. म्हणून व्याजदर काहीही असो, पतसंस्थेचा हप्ता तुझ्या यादीत सगळ्यात वर. कार्डाचा दर तिप्पट आहे हे मला माहीत आहे, तरीही.

आता ‘अर्ध्यात मिटवतो’चा हिशेब कर. दोन कार्डांवर १ लाख ९० हजार. महिना साडेतीन टक्के धरलं तरी वर्षाचं सरळ व्याज होतं ७९,८००. त्यावर जीएसटी वेगळा, लेट फी वेगळी, आणि व्याजावर व्याज चढतं ते आणखी वेगळं. ते सगळं सोडलं तरी वर्षाअखेर आकडा २ लाख ७० हजारांच्या घरात जातो. त्याच्या निम्मे १ लाख ३५ हजार, म्हणजे आजच्या रकमेच्या ७१ टक्के. ‘अर्धं’ ते कशाचं, हे फोनवर कुणी सांगत नाही. शिवाय फी. कार्डं, वैयक्तिक कर्ज आणि ॲप मिळून ५ लाख ५५ हजारांवर १५ टक्के म्हणजे ८३,२५०, त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ९८ हजारांच्या पुढं. ही फी आजच्या एकूण कर्जावर की वाचवलेल्या रकमेवर, हे लेखी विचार. आणि कधी द्यायची, तेही. अमेरिकेत २०१० पासून फोनवरून विकल्या जाणाऱ्या अशा सेवांना कर्ज मिटवण्याआधी फी घ्यायला बंदी आहे. आपल्याकडं असा नियम नाही, आणि या कंपन्यांना रिझर्व्ह बँक परवानाही देत नाही. त्यामुळं ‘आरबीआय मान्यताप्राप्त’ असं कुणी म्हणालं की फोन ठेव. डिसेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं जाहीर इशारा दिला होता, फी घेऊन कर्जमाफीची प्रमाणपत्रं वाटणाऱ्यांविरुद्ध. त्या कागदाला रद्दीचाही भाव नाही.

‘हप्ता बंद करा’ यात आणखी एक खाच आहे. तुझा हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो. शिल्लक नसल्यानं तो परत गेला तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली तक्रार होऊ शकते, चेक न वटण्यासारखीच. नुसतं कर्ज थकलं म्हणून कुणी तुरुंगात जात नाही, एजंट फोनवर काहीही बरळू दे. पण बाउन्स झालेला मँडेट (खात्यातून हप्ता कापायला तू दिलेली परवानगी) ही वेगळी गोष्ट आहे, आणि तुझ्या नावानं आलेल्या समन्सला कोर्टात उभं राहायला कंपनी येणार नाही. तिच्या ‘वकील पॅनेल’नं बँकेला पाठवलेलं पत्र म्हणजे स्थगिती नव्हे. मी असताना अशी पत्रं आली की आम्ही ती फाइलला लावायचो आणि वसुली चालूच ठेवायचो.

बरं, मग करायचं काय. तुझे आकडे मी असे मांडले. एनबीएफसीच्या कर्जाचा हप्ता ११,२००, पतसंस्था ६,५००, कार्डांचं किमान देणं साडेनऊ हजार, ॲप नऊ हजार. बेरीज ३६,२००. घरात येतात ४५ हजार. उरले ८,८००, आणि घरखर्च तू वीस हजार लिहिलायस. दरमहा अकरा हजारांचं भोक पडतंय आणि ते कार्ड भरून काढतंय. (भिशीचं तू काही लिहिलं नाहीस, पण एमआयडीसीत भिशी न लावलेला माणूस मला अजून भेटायचाय. असेल तर तीही यादीत धर. लिलावाची असेल तर तोटा सोसून लवकर उचलू नकोस.)

तुझ्या घरात तीन-चार तोळे सोनं आहे. वहिनींना नीट विचारून, पटलं तरच, त्यावर राष्ट्रीयीकृत किंवा चांगल्या सहकारी बँकेतून सव्वा लाख उचल. त्यातून दोन्ही ॲप आणि ८० हजारांचं लहान कार्ड पूर्ण बंद कर. १० टक्क्यांनं दोन वर्षांत फेडायचे तर हप्ता ५,८०० च्या आसपास येईल. उरलेल्या कार्डावरचे १ लाख १० हजार कार्ड कंपनीकडूनच हप्त्यांत बदलून घे. १८ टक्क्यांनं तीन वर्षांसाठी चार हजार. मग एनबीएफसीला मुदत वाढवून मागायची. ११,२०० चा हप्ता ८,५०० वर आला तर तीनऐवजी साडेचार वर्षांच्या आसपास लागतील आणि व्याज जास्त जाईल, हे मान्य. पण आता सगळी बेरीज होते २४,८००, आणि घराला उरतात वीस हजार. काठावर आहे, दिवाळीला कपडे होणार नाहीत, पण भोक बुजतं.

यात धोका कुठं आहे तेही सांगतो. कार्डाचं कर्ज विनातारण होतं, ते तू सोन्यावर आणतोयस. हप्ता चुकला तर दागिन्यांचा लिलाव होतो, आणि गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, पुन्हा घ्यायला गेलास की भाव कळतो. म्हणून जुनं कार्ड नुसतं फेडायचं नाही, लेखी बंद करायचं. कार्ड जिवंत ठेवून सोनं गहाण टाकणारे शेवटी दोन्ही घालवतात. मी बघितलेल्या बहुतेक केसेस इथंच बिघडल्या.

मुदत वाढवून देणं एनबीएफसीच्या मर्जीवर आहे, तो तुझा हक्क नाही. पण मागायची पद्धत असते. ग्राहक सेवेच्या नंबरावर रडगाणं गाऊन काही होत नाही. त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेल कर, पगाराची स्लिप आणि वरचा जमाखर्च जोड, किती भरू शकतो तो आकडा दे. हप्ता चुकायच्या आधी मागणाऱ्याकडं बघायची नजर वेगळी असते, एवढं मी आतल्या बाजूनं सांगू शकतो. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा वागणूक वाईट मिळाली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार फुकट करता येते, माहितीसाठी १४४४८. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायला मनाई आहे, नातेवाइकांना धमकावायलाही. ॲपनं फोनमधले नंबर उपसून मित्रांना मेसेज टाकले तर स्क्रीनशॉट काढून ठेव. पतसंस्थेची तक्रार मात्र या लोकपालाकडं चालत नाही, ती उपनिबंधकांकडं.

माणूस समोर बसवून हिशेब करायचा असेल तर पैसे द्यायची गरज नाही. आपल्या जिल्ह्याची अग्रणी बँक (जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचा समन्वय बघणारी) बँक ऑफ इंडिया आहे. तिच्या अग्रणी जिल्हा व्यवस्थापकाच्या कार्यालयात वित्तीय साक्षरता केंद्राबद्दल विचार. रिझर्व्ह बँकेनं २००९ मध्येच अग्रणी बँकांना साक्षरता आणि कर्ज समुपदेशनाची केंद्रं काढायला सांगितलं होतं. प्रामाणिकपणे सांगायचं तर तिथल्या लोकांचा बराच वेळ खाती उघडणं, विमा, शाळांतली शिबिरं यांत जातो, त्यामुळं कार्डांच्या गुंत्यावर मार्गदर्शन कसं मिळेल ते माणसावर आहे. पण तुझ्याकडून एक रुपया मागणार नाहीत आणि तुझं पॅन-आधार विकणार नाहीत. जाताना सिबिलचा, म्हणजे तुझ्या कर्जांच्या नोंदींचा, अहवाल घेऊन जा. वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो.

सेटलमेंट कधीच करू नये असं मी म्हणत नाही. नोकरी गेली, मोठं आजारपण आलं, खातं आधीच एनपीए झालंय, कर्ज विनातारण आणि बिनजामिनाचं आहे, आणि कुठून तरी एकरकमी पैसे येणार आहेत, अशा वेळी तो रास्त मार्ग आहे. बँका आणि एनबीएफसींसाठी तडजोडीची रीतसर चौकट रिझर्व्ह बँकेनं जून २०२३ मध्ये घालून दिली आहे. पण त्यासाठी मध्यस्थ लागतोच असं नाही. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात राष्ट्रीय लोकअदालत भरते, तिथं दाखलपूर्व, म्हणजे कोर्टात दावा लागण्याआधीची, प्रकरणं ठेवता येतात. फी नाही, आणि झालेल्या निवाड्यावर अपील नाही. पतसंस्था आणि सहकारी बँकांत थकीत खात्यांसाठी सामोपचार एकरकमी परतफेड योजना असतात, चालू आहे का ते शाखेत विचारायचं. तडजोडीचं पत्र कर्ज देणाऱ्याच्याच लेटरहेडवर, खाते क्रमांक, रक्कम, तारीख आणि उरलेल्या रकमेवर दावा नाही या वाक्यासह हातात पडल्याशिवाय एक पैसा भरायचा नाही. आणि भरायचा तो कर्जखात्यातच, एजंटाच्या यूपीआयवर नाही.

सेटलमेंटची किंमतही माहीत असू दे. अहवालात ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ लागतं, ती नोंद किमान सात वर्षं राहते, आणि ज्यानं सूट दिली तो शेतीबाहेरच्या कर्जासाठी निदान १२ महिने तुला दारात उभा करत नाही. व्हिडिओत दिसते तशी परदेशी दिवाळखोरी इथं नाही. दिवाळखोरी संहिता २०१६ ची असली तरी सामान्य पगारदारासाठीची तिची कलमं अजून लागू झालेली नाहीत.

मधली फट बुजवायला खासगी सावकाराकडं मात्र जाऊ नकोस, मग तो ओळखीचा असू दे नाहीतर तालमीतला. २०१४ च्या कायद्यानं परवानाधारक सावकाराला बिगरशेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला १५ आणि विनातारण १८ टक्क्यांची मर्यादा आहे. महिन्याला दहा टक्के सांगणारा बेकायदाच असतो, आणि त्याची तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडं करता येते.

तू नोंदणीचे पैसे आधीच भरले असशील, तर उद्याच बँकेत जाऊन त्या कंपनीला दिलेला मँडेट रद्द कर आणि पोच घे. कुलमुखत्यारपत्रावर सही केली असशील तर ते रद्द केल्याची रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठव, आणि तीच प्रत प्रत्येक कर्ज देणाऱ्याला ई-मेल कर. पैसे परत देईनात तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, नंतर जिल्हा ग्राहक आयोग. करारपत्र असेल तर नाव, पत्ता, पॅन झाकून इथं टाक, फीचं कलम मी बघून सांगतो.