कार्बन मोनॉक्साइडचा सिलिंडर पहिल्यांदा हाताळताना

भीती वाटतेय ते बरंच आहे, थोडी राहू द्या. कार्बन मोनॉक्साइड (सीओ) या वायूला रंग नाही, वासही नाही. गळती नाकाला कळणारच नाही. म्हणून सिलिंडर उघडण्याआधी सीओ डिटेक्टर चालू आहे ना, कॅलिब्रेशन (म्हणजे तो बरोबर मोजतो याची तपासणी) झालंय ना, हे स्वतः बघा. हवेत साधारण 12.5 ते 74 टक्के प्रमाणात तो पेट घेतो, पण त्याच्या खूप आधी, 1200 पीपीएमलाच (हवेच्या दर दहा लाख भागांत 1200 भाग), म्हणजे 0.12 टक्क्याला, विषबाधेने जिवाला धोका असतो.

सुरुवातीला एवढंच पाळा:

- सिलिंडर साखळीने बांधलेला, काम फ्यूम हूडमध्ये (हवा बाहेर खेचणाऱ्या कपाटात).
- रेग्युलेटर (सिलिंडरचा दाब कमी करणारं उपकरण) याच वायूसाठीचा. ज्वलनशील वायूंच्या जोडणीचे आटे बहुधा उलटे असतात. बसत नसेल तर जोर लावू नका, टेफ्लॉन टेप गुंडाळू नका.
- मांडणीची गळती आधी नायट्रोजन आणि साबणाच्या पाण्याने तपासा. घट्ट करायचं ते दाब काढूनच.

नवखे हमखास चुकतात ते काम संपल्यावर. रेग्युलेटर बंद करतात, सिलिंडरचा मुख्य व्हॉल्व्ह तसाच उघडा राहतो. एकट्याने तर काम करूच नका. डोकं दुखायला लागलं की थकवा समजून बसू नका, ती या वायूची विषबाधा असू शकते. सगळ्यांना घेऊन लगेच बाहेर पडा.