मेक्सिकोतील कारागीर कुटुंबे आपली कला ‘जशीच्या तशी’ कशी जपतात?

मेक्सिकोतील पारंपरिक कारागीर कुटुंबे आपली कला पिढ्यान्‌पिढ्या जशीच्या तशी कशी जपतात आणि यंत्राच्या मालापुढे ती आणखी किती काळ टिकेल, असे आपण विचारले आहे. हातमाग आणि नैसर्गिक रंग हा माझ्या अनेक वर्षांच्या अभ्यासाचा विषय आहे आणि त्याच निमित्ताने दक्षिण मेक्सिकोतील वाहाका राज्यात मी काही आठवडे राहिले आहे. म्हणून त्या एका राज्यापुरतेच लिहिते. ‘जशीच्या तशी’ हे आपले शब्द मात्र मला मान्य करता येत नाहीत. मी पाहिलेल्या घरांत कला टिकली ती वेळोवेळी बदलल्यामुळे, आणि तो बदल घरातल्याच माणसांनी केल्यामुळे.

वाहाका शहराच्या पूर्वेला साधारण 30 किलोमीटरवर तेओतितलान देल व्हाये हे झापोतेक या आदिवासी समाजातल्या विणकरांचे गाव आहे. घराच्या अंगणात माग, दोरीवर वाळत टाकलेल्या लोकरीच्या लडी आणि भिंतीला टांगलेल्या लोकरी सतरंज्या हे तिथले नेहमीचे दृश्य. सतरंज्यांवरची पायऱ्यापायऱ्यांची नक्षी जवळच्या मित्ला येथील प्राचीन इमारतींच्या भिंतींवरची आहे, त्यामुळे पाहणाऱ्याला सगळेच हजार वर्षांपूर्वीचे वाटते. प्रत्यक्षात पायाने चालवायचा माग आणि मेंढीची लोकर या दोन्ही गोष्टी सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर आल्या. त्याआधी तिथल्या बायका ताण्याचे एक टोक खांबाला आणि दुसरे स्वतःच्या कमरेला बांधून कापूस विणत असत. नवा माग पुरुषांच्या हाती गेला आणि पुढे कित्येक पिढ्या विणकाम हे पुरुषांचेच काम मानले गेले. 1942 ते 1964 या काळात अमेरिकेशी झालेल्या करारानुसार मेक्सिकोतले लाखो पुरुष तिकडे मजुरीला जात होते. तेव्हा या गावातले मागही रिकामे पडू लागले आणि बायका त्यांच्यावर बसल्या. आज तिथे स्त्रियांच्या सहकारी संस्था स्वतः विणतात आणि स्वतः विकतात. ‘परंपरेने हे काम पुरुषांचे’ म्हणून त्या वेळी घराघरांनी हट्ट धरला असता, तर आज दिसणारे कितीतरी माग अंगणात दिसले नसते.

लाल रंगाची हकिगत थोडी सविस्तर सांगते, कारण ती मी जवळून पाहिली. निवडुंगाच्या फड्यांवर पांढऱ्या भुकटीखाली लपून राहणारा एक बारीक कीटक असतो, ज्याला तिथे ‘कोचिनिया’ म्हणतात. त्याच्या माद्या वेचून वाळवतात. एक पौंड वाळलेला माल व्हायला सुमारे 70,000 कीटक लागतात. मी ज्या घरी शिकायला जात असे, तेथील आजी ते करडे दाणे पाट्यावर वाटत. तो पाटा आपल्या पाट्यापेक्षा उंच, तीन पायांचा, पण वाटण्याची लय अगदी आपल्या स्वयंपाकघरातली. पूड जसजशी बारीक होई, तसतसा करड्या रंगातून गर्द लाल वर येई. एकदा त्यांनी चिमूटभर पूड माझ्या तळहातावर ठेवून पाण्याचा थेंब घातला, तेव्हा ती किरमिजी झाली. वर लिंबू पिळल्यावर डोळ्यांदेखत शेंदरी झाली, आणि दुसऱ्या तळहातावर खाण्याच्या सोड्याने तीच पूड जांभळी झाली. लोकर आधी तुरटीच्या पाण्यात उकळून घ्यावी लागते, तेव्हा कुठे रंग धाग्याला धरतो. मोजमापाची वही त्या घरात नव्हती. आजी पाण्याचा वास घेत, लड वर उचलून उजेडात धरत आणि नातवाला जवळ बोलावून ‘आता बघ’ एवढेच म्हणत.

वसाहतीच्या काळात हा रंग चांदीखालोखाल मेक्सिकोची सर्वांत मौल्यवान निर्यात होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीने तो कीटक भारतातही आणवला, पण आला तो कमी प्रतीच्या रंगाच्या दुसऱ्याच जातीचा, आणि त्याने रंग देण्याऐवजी इथला निवडुंगच फस्त केला. एकोणिसाव्या शतकात रासायनिक रंग निघाले तसा वाहाकातला धंदाही बसला आणि तेओतितलानचे विणकर बाजारच्या पुड्या वापरू लागले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही कुटुंबांनी जुने रंग पुन्हा हाती घेतले. वाहाकाचेच चित्रकार फ्रान्सिस्को तोलेदो (1940–2019) यांच्यासारख्यांनी विणकरांबरोबर काम केले आणि त्या जाजमांना कलादालनाची दारे उघडली. म्हणजे आज पर्यटकाला ‘प्राचीन’ म्हणून दाखवला जाणारा रंग मधल्या काळात जवळजवळ सुटला होता आणि तो कष्टाने परत आणावा लागला. याबद्दल मला त्या कुटुंबांचा विशेष आदर वाटतो.

सान बार्तोलो कोयोतेपेक या कुंभारांच्या गावाचेही असेच आहे. तिथली काळी, आरशासारखी चकाकणारी भांडी जगभर ओळखली जातात, पण मुळात ती करड्या रंगाची, बिनचमकेची, पाणी आणि मेस्काल ही दारू वाहून नेण्याची भांडी होती. 1950च्या दशकात रोसा रेआल या कुंभारीण बाईंनी, ज्यांना सगळे आदराने दोन्या रोसा म्हणत, अर्धवट सुकलेले भांडे गारगोटीने घासून कमी आचेवर भाजले आणि ते काळेभोर, चकचकीत निघाले. अशा भांड्यात पाणी ठरत नाही, ते पाझरते. म्हणून उपयोगाची वस्तू शोभेची झाली. पण प्लॅस्टिकची भांडी घराघरांत पोचण्याच्या काळात त्याच शोभेने गावाचे पोट भरले. दोन्या रोसा 1980 साली वारल्या, त्यांची कार्यशाळा कुटुंबीयांनी चालू ठेवली. फिरते चाक तिथे आजही नाही. पालथ्या बशीवर दुसरी बशी ठेवून ती हाताने फिरवत भांडे घडवतात.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग यंत्राच्या मालाचा आहे. स्वस्त नक्कल हा खरा त्रास आहेच. मोठ्या सतरंजीला महिने लागतात, आणि तशीच दिसणारी कारखान्याची वस्तू शेजारच्याच दुकानात टांगलेली असते. परदेशी फॅशनवाल्यांनी आदिवासी गावांची नक्षी न विचारता उचलल्याच्या तक्रारी वाढल्यावर मेक्सिकोने 2022च्या जानेवारीत अशा समूहांच्या सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात वारशाचा हक्क एका कारागिराला न देता समूहाला दिला आहे, हे मला महत्त्वाचे वाटते. तरीही मुलगा मागावर बसेल की नाही हे शेवटी त्या कामातून घर चालते का यावरच ठरते, आणि ज्या घरांना दलालाशिवाय थेट गिऱ्हाईक मिळाले, तिथेच मला तरुण मुले मागावर दिसली.

कुटुंबाने सगळे करूनही हाताबाहेर जाणारी एक गोष्ट मात्र आहे. पिनोतेपा दे दोन लुइस या मिश्तेक आदिवासींच्या गावातले पुरुष हिवाळ्यात पॅसिफिकच्या किनाऱ्यावर जांभळा रंग आणायला जातात. खडकाला चिकटलेली गोगलगाय हळूच सोडवायची, तिने सोडलेला दुधासारखा द्रव सुताच्या लडीवर घ्यायचा आणि तिला ओल्या सावलीत परत ठेवायचे. ती मरत नाही आणि साधारण महिनाभर तिला पुन्हा हात लावत नाहीत. लडीवरचा पांढरा डाग उन्हात आधी पिवळा, मग हिरवा आणि मग जांभळा होतो. तेच सूत गावातल्या बायका कमरेच्या मागावर लुगड्यासारख्या गुंडाळायच्या वस्त्रात विणतात. 1980च्या दशकात एका परदेशी कंपनीसाठी या गोगलगाईंची बेसुमार पिळवणूक झाली आणि 1988 मध्ये सरकारने त्यांना संरक्षण दिले. पण खाण्यासाठी होणारी चोरटी वेच थांबलेली नाही, आणि रंगवणारे आता मोजकेच उरले आहेत. बाप मुलाला सगळे शिकवतो: भरती-ओहोटीची वेळ, निसरड्या खडकावर पाय कुठे ठेवायचा, गोगलगाय किती जोराने दाबायची. पूर्वी एका फेरीत कित्येक लडी रंगत. आता दिवसभर खडक धुंडाळूनही एक लड पुरती रंगत नाही, असे दिवस येतात.