कपाटातला कॅमेरा पुन्हा हातात घेताना

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांचा सूर बराचसा एकच आहे. तरुणपणी फोटो काढायचो, मग नोकरी-संसारात ते मागे पडलं, आता वेळ आहे, तर कोणता कॅमेरा घेऊ? मला प्रत्येकाला आधी विचारावंसं वाटतं, फोटो कशाचे काढणार? ते कळलं की लेन्स ठरते, आणि लेन्स ठरली की बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा. दुकानात मात्र बहुतेकजण बॉडीपासून सुरुवात करतात आणि लेन्ससाठी पैसे उरत नाहीत.

प्रश्न : १९८८ मध्ये घेतलेला निकॉन एफएम२ अजून आहे. सोबत ५० मिमी एफ/१.८ आणि १३५ मिमी या दोन लेन्स. डिजिटल बॉडी घेतली तर त्या चालतील का? (निवृत्त बँक कर्मचारी, सोलापूर)

चालतील, आणि त्या विकू नका. निकॉनचं एफ माउंट, म्हणजे लेन्स बसवायची जागा, १९५९ पासूनचं आहे, त्यामुळे तुमच्या लेन्स निकॉनच्या डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर) बसतात. पण बसणं वेगळं आणि नीट काम करणं वेगळं. डी३५०० किंवा डी५६०० वर त्या लावल्या, तर कॅमेऱ्याचं मीटरच चालणार नाही. प्रकाशाचा अंदाज तुम्हालाच बांधावा लागेल. डी७२००, डी६१० आणि डी७५० यांच्या माउंटभोवती एक छोटी कडी असते. ती लेन्सच्या रिंगवरून अपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारं भोक (एफचा आकडा लहान तितकं ते मोठं), ओळखते. मेनूत लेन्सचा मिमीचा (ती किती जवळचं दाखवते तो) आणि एफचा आकडा भरला की मीटर सुरू. डी७५०० हे डी७२०० चं पुढचं मॉडेल, पण त्यात ही कडी काढून टाकली आहे. नवं मॉडेल म्हणून तो घेऊन फसलेले लोक मला भेटले आहेत.

दुसरी अडचण फोकसची. एफएम२ च्या व्ह्यूफाइंडरमध्ये मधल्या गोलात तुटलेली रेघ जुळवून तुम्ही फोकस करत होतात. डिजिटल एसएलआरमध्ये तो गोल नसतो. काच ऑटोफोकससाठी बनवलेली असते, आणि एफ/१.८ ला डोळ्यांवर विसंबून केलेला फोकस बरेचदा चुकतो. म्हणून तुम्हाला माझा सल्ला मिररलेसचा, म्हणजे आरसा नसलेल्या, पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचा आहे. सेकंडहँड निकॉन झेड५ किंवा झेड६ शोधा आणि त्यावर एफटीझेड अडॅप्टर (एफ माउंटची लेन्स झेड कॅमेऱ्याला जोडणारा तुकडा) लावा. पडद्यावरचं चित्र मोठं करून डोळ्याच्या पापणीवर फोकस करता येतो. फोकसमधल्या कडा रंगीत होऊन दिसण्याची सोयही आहे. या दोन्ही कॅमेऱ्यांचा सेन्सर (चित्र टिपणारा भाग) फिल्मच्या चौकटीएवढाच, ३६ × २४ मिमीचा, म्हणून तुमची ५० मिमी ५० मिमीच राहते. डी७२०० सारख्या लहान सेन्सरवर तीच लेन्स ७५ मिमीसारखं चित्र देते, आणि तुमच्या हाताला सवय असलेलं अंतर बिघडतं. शिवाय हाताची थरथर सावरणारी यंत्रणा बॉडीतच असल्यामुळे १३५ मिमीलाही तिचा फायदा मिळतो. एफएम२ सारखी वरची शटर स्पीडची चकती हवीच असेल, तर २०२३ मध्ये आलेला झेडएफ त्याच रूपावर बेतला आहे. किंमत मात्र बरीच जास्त.

प्रश्न : माझ्या फोनला ५० मेगापिक्सेल, कॅमेऱ्याला २४. मग कॅमेरा कशाला? (वाचक, पुणे)

तुलना पिक्सेलच्या संख्येची नको, सेन्सरच्या आकाराची करा. चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण १० × ७ मिमी, तर एपीएस-सी कॅमेऱ्याचा (डी७२०० सारख्या, फिल्मपेक्षा लहान सेन्सरच्या) साधारण २३.५ × १५.६ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ पाचपट. बरेच फोन ५० मधले चार-चार पिक्सेल एकत्र करून शेवटी साडेबारा मेगापिक्सेलचंच चित्र देतात. आणि २४ मेगापिक्सेलची ६००० × ४००० ची फाइल इंचाला ३०० ठिपके धरून २० × १३ इंचांवर छापता येते. घराच्या भिंतीला याहून जास्त लागत नाही. उजेडात काढलेले फोटो फोनवरच पाहणार असाल, तर फोनच वापरा, पैसे वाचवा.

प्रश्न : कॉलेजात फोटोग्राफी करायचे. आता मुलगी शिकायला बाहेर गेली आहे आणि पुन्हा सुरू करायचंय. पण मनगट दुखतं, जड कॅमेरा नको. घरातले सण, माणसं, प्रवास एवढंच काढायचं आहे. (वाचिका, नाशिक)

ताई, तुमचं पत्र मला सर्वांत आवडलं, कारण काय काढायचं हे तुम्ही आधीच ठरवलं आहे. तरी एक काम करा. फोनमधले गेल्या वर्षभराचे फोटो चाळा आणि जे तुम्हाला स्वतःला आवडले ते वेगळे काढा. माणसं जवळून काढली आहेत की खोलीभर माणसं, हे त्यातून कळेल. लेन्स त्यावर ठरते.

वजनाचं म्हणाल तर कॅनन आर५० बॅटरी-कार्डासह ३७५ ग्रॅम, त्याची १८-४५ मिमी किट लेन्स (कॅमेऱ्यासोबतच मिळणारी) १३० ग्रॅम. सगळं मिळून अर्धा किलो. तेच फुल फ्रेम (फिल्मएवढ्या सेन्सरची) बॉडी आणि २४-७० एफ/२.८ घेतली, तर दीड किलोच्या आसपास जातं. तुमच्या मनगटाला ते नको.

पण किट लेन्सवर थांबू नका. ४५ मिमीला तिचं अपर्चर एफ/६.३ च्या पुढे उघडत नाही. मंगळागौरीच्या रात्री ट्यूबलाइटच्या उजेडात बायका फुगडी घालत असतील, तर त्या लेन्सने सगळे चेहरे पुसट येतील. ५० मिमी एफ/१.८ लेन्स १६० ग्रॅमची. ती बारापट उजेड आत घेते, म्हणजे जिथे १/१५ सेकंद लागत होता तिथे १/१८० मिळतो. फुगडीची गिरकी तेवढ्यात बऱ्यापैकी थांबते. आर५० वर ती ८० मिमीसारखी दिसते, चेहऱ्यांना उत्तम. खोलीभर माणसं घ्यायची असतील, तर २८ मिमी एफ/२.८ ही १२० ग्रॅमची चपटी लेन्स पाहा. तिचं अपर्चर मात्र एफ/१.८ इतकं उघडत नाही. तीन लेन्स एकदम घेऊ नका. एक घ्या, सहा महिने वापरा.

प्रश्न : भिगवणला फ्लेमिंगो काढायचे आहेत. ३०० मिमी पुरेल का? (वाचक, बारामती)

एपीएस-सी कॅमेऱ्यावर फ्लेमिंगोंच्या थव्याला पुरेल. एकट्या लहान पक्ष्याला नाही. मी कॅनन आर१० वर १००-४०० मिमी सुचवीन. दोन्ही मिळून किलोभरापेक्षा थोडंच जास्त वजन, म्हणजे होडीत तासभर हातात धरता येतं. ४०० मिमीला तिचं अपर्चर एफ/८ आहे, म्हणून पहाटेच्या अंधुक उजेडात आयएसओ (प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) वाढवावा लागेल. त्याला भिऊ नका. नुसती नोंद ठेवायची असेल, तर निकॉन पी९५० सारखा २००० मिमीपर्यंत जाणारा कॅमेराही चालतो. त्याचा सेन्सर फोनएवढा किंवा त्याहून लहान आहे, एवढं लक्षात ठेवा. आणि नावाड्याला होडी लांब थांबवायला सांगा. उडतानाचा फोटो हवा म्हणून थव्यात होडी घालणं मला अजिबात पटत नाही. ते पक्षी तिथे खायला उतरलेले असतात.

प्रश्न : सेकंडहँड घेताना काय तपासायचं? (वाचक, चिपळूण)

तुमच्या भागात सर्वांत आधी बुरशी. लेन्स काढून अपर्चर पूर्ण उघडा, एका बाजूने टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी. माझ्या वडिलांची १३५ मिमी लेन्स कोकणातल्या घरी चामडी केसमध्ये, लाकडी कपाटात दोन पावसाळे राहिली. साफ केल्यावर बुरशी गेली, पण तिच्या आम्लाने खाल्लेलं काचेवरचं कोटिंग परत आलं नाही. चामडं ओल धरून ठेवतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

बॉडीचा शटर काउंट, म्हणजे आजवर तिच्यावर किती फोटो काढले तो आकडा, विचारा. साध्या डीएसएलआरचं शटर साधारण एक लाख क्लिकसाठी बनवलेलं असतं. एफ/१६ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवरचे ठिपके पाहा. धुळीचे ठिपके निघतात, ओरखडे निघत नाहीत.

घरी आणल्यावर हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटं आर्द्रतामापक, एवढं पुरतं. आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा. केशरी जेल हिरवं झालं की मंद आचेवर परतून पुन्हा वापरा. तांदूळ घालू नका, त्याचा भुगा लेन्समध्ये जातो.

प्रश्न : वडिलांचा आग्फा क्लिक-३ सापडला. त्यात आज रोल घालता येईल का? (वाचक, कोल्हापूर)

येईल. त्याला १२० चा रोल लागतो आणि तो आजही बनतो. एका रोलमध्ये ६ × ६ सेंटिमीटरचे बारा फोटो. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल आता मिळणार नाही, पण १०० आयएसओचा कृष्णधवल रोल घ्या आणि भर दिवसा काढा, कारण या कॅमेऱ्याला शटर स्पीड बदलायची सोय नाही. रोल सावलीत भरा. पाठीमागच्या लाल खिडकीत आकडा येईपर्यंत चावी फिरवा, आणि उन्हात फिरताना त्या खिडकीवर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवा.