व्हिक्टोरियन म्युझिक हॉलमधला, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या ब्रिटनमधल्या गाणी-नाच-विनोदांच्या थिएटरांतला, सर्वांत मोठा विनोदी कलाकार कोण?
माझ्या मते डॅन लेनो. जन्म १८६०चा, लंडनचा. आईवडील दोघंही रंगमंचावरचे. लाकडी तळव्यांचे बूट घालून नाचण्यात त्याने आधी नाव कमावलं, पण प्रेक्षकांना वेड लावलं ते त्याच्या बोलण्याने. दुकानातला नोकर, टॉवर ऑफ लंडनचा रखवालदार अशी रोजची माणसं तो उभी करायचा. गाणं थोडंसंच, मधला बोलण्याचा भाग मोठा, आणि खरी कमाल तिथेच! १८८८ पासून ड्रुरी लेन थिएटरच्या नाताळी पँटोमाइममध्ये (मूकनाट्य नव्हे, तर गाणी आणि विनोदांनी भरलेलं परीकथेवरचं नाटक) त्याच्या बायकांच्या भूमिका गाजल्या. १९०४ मध्ये, अवघ्या ४३व्या वर्षी तो गेला.

त्याच काळातला दुसरा विनोदी कलाकार लिटल टिचही जरूर बघा. त्याचा लांबलचक बुटांचा नाच १९०० साली पॅरिसमध्ये चित्रित झालाय.