बास बोट नेमकी किती पळते, आणि तिचा वेग कोण खातं?

प्रश्न: बास नावाचा मासा पकडायच्या अमेरिकेतल्या बोटींचे व्हिडिओ पाहिले. त्या खरंच ताशी शंभराच्या वर जातात का? वेग कशावर ठरतो? आणि तशी बोट तापीवरच्या हतनूर धरणात किंवा उकाई धरणाच्या फुगवट्यात चालेल का?

उत्तर:

हो, जातात. 20-21 फुटांची फायबरची बोट, मागे 250 एचपीचं इंजिन, आत दोन माणसं आणि पाणी बऱ्यापैकी शांत, एवढं असलं की ताशी 110 ते 120 किलोमीटर हा नेहमीचा आकडा. 17-18 फुटी बोट 115 ते 150 एचपीवर साधारण 75 ते 95 जाते. ॲल्युमिनियमची हलकी बोट 60 ते 90 एचपीवर 50 ते 65. ताशी शंभर मैल, म्हणजे 160 किलोमीटरच्या वर नेणारे शौकीनही तिकडे आहेत, पण त्यांच्या बोटी शर्यतीच्याच जातीच्या. त्यात मासेमारी नावापुरती.

मी शहाद्याकडचा. शेतीचे पंप आणि ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागे लटकवायचं इंजिन, दुरुस्त करतो. माझ्या हाताखालून जातात ती बहुतेक 25 ते 40 एचपीची, पूर आला की बाहेर काढायच्या रबर बोटींची. 250 एचपीचं धूड आणि हे यांचं गणित मात्र एकच आहे, म्हणून लिहितो.

आधी बोट पळते कशी ते बघा. साधी होडी पाणी बाजूला सारत जाते. अशा होडीला लांबीप्रमाणे एक मर्यादा असते. 20 फुटी होडी ताशी 11 किलोमीटरच्या आसपास अडकते, कारण ती स्वतःच उठवलेल्या लाटेत बसलेली असते. इंजिन मोठं लावलं तरी नुसतं नाक वर आणि मागे फेस. बास बोट तिथून सुटते ती पाण्याच्या वर चढून. लहानपणी तापीच्या काठावर चपटा दगड मारून भाकऱ्या काढल्या असतील ना, तसंच. जोरात असताना तिचा फक्त मागचा थोडा भाग पाण्याला टेकलेला असतो, बाकी बोट हवेत. या बोटींच्या बुडाला मागच्या बाजूला, मधोमध एक अरुंद सपाट पट्टी ठेवतात, तिला पॅड म्हणतात. पूर्ण वेगात सगळी बोट त्या पट्टीवर तोललेली असते. पाण्याला टेकणारा भाग जितका कमी, तितकं घर्षण कमी.

आता इंजिन. लोक पहिल्यांदा एचपीच विचारतात, पण एचपी दुप्पट केल्याने वेग दुप्पट होत नाही. पाण्यावर चढलेल्या बोटीचा वेग ढोबळमानाने ताकद भागिले वजन याच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. 150 एचपीवर 90 जाणाऱ्या बोटीला 250 एचपी लावलं, तर ताकद दोन तृतीयांशाने वाढली, वेग मात्र 116 च्या आसपासच येईल. वेग दुप्पट हवा तर ताकद चौपट हवी. मोठ्या स्पर्धांमध्ये 250 एचपीची मर्यादा असते, त्यामुळे तिथे सगळ्यांचं इंजिन सारखंच, आणि खरी झुंज बाकीच्या गोष्टींची.

त्यातली पहिली गोष्ट पंखा. प्रॉपेलरला आमच्याकडे सगळे पंखाच म्हणतात. पंख्याच्या मधल्या भागावर दोन आकडे कोरलेले असतात, पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पिच 25 म्हणजे एका फेरीत पंखा 25 इंच पुढे सरकायला हवा. त्यावरून हिशोब मांडता येतो. इंजिन 5,800 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 5,800 फेऱ्यांनी फिरतंय आणि खालच्या गिअरचं गुणोत्तर 1.75 आहे, म्हणजे इंजिनाच्या 1.75 फेऱ्यांना पंख्याची एक, असं धरा. पंखा मिनिटाला सुमारे 3,314 फेऱ्या मारेल. 25 इंच म्हणजे 0.635 मीटर. गुणाकार केला की मिनिटाला 2,104 मीटर, म्हणजे ताशी 126 किलोमीटर. पण पाणी काही लाकूड नाही, पंखा त्यात थोडा घसरतोच. चांगल्या जुळणीत ही घसरण 8 ते 10 टक्के असते. ती वजा केली की 115 राहिले. वर दिलेला आकडा आला की नाही?

इथेच बहुतेकांची गल्लत होते. जास्त पिचचा पंखा लावला की बोट जास्त पळेल असं वाटतं. पिच एक इंचाने वाढवली की पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे पूर्ण रेस दिल्यावर, इंजिनाचे 150 ते 200 आरपीएम कमी होतात. कंपनीने पूर्ण थ्रॉटलसाठी एक टप्पा ठरवून दिलेला असतो, समजा 5,600 ते 6,200. इंजिन त्याच्या खाली राहिलं तर पंखा जड झाला, इंजिन धापा टाकतं आणि वेगही जातो, वर इंजिनाचं आयुष्य कमी होतं ते वेगळंच. टप्प्याच्या वर गेलं तर पंखा हलका. म्हणून माझ्याकडे कुणी 'बोट पळत नाही' म्हणत आला की मी पहिल्यांदा विचारतो, पूर्ण रेसला काटा कुठे उभा राहतो? टॅकोमीटर, म्हणजे आरपीएम दाखवणारा काटा, नसला तर इंजिनाला हात लावायच्या आधी तो जोडून घेतो. कार्बोरेटर उघडून बसायची घाई मेकॅनिकलाच जास्त असते.

पंखा स्टेनलेसचा की ॲल्युमिनियमचा, यानेही फरक पडतो. स्टेनलेसची पाती पातळ ठेवता येतात आणि जोरात वाकत नाहीत. तीन पात्यांचा पंखा सहसा वरच्या टोकाला थोडा जास्त वेग देतो. चार पात्यांचा पाणी घट्ट धरतो, बोट लवकर उचलतो आणि वळणावर सुटत नाही. आणि पात्याची कड दगडावर आपटून वाकलेली असेल तर वरचा सगळा हिशोब फुकट. आपल्या नद्यांत ही कड शाबूत राहणं हेच नवल.

दुसरी गोष्ट इंजिनाचा कोन आणि उंची. निघताना इंजिन आत, बोटीकडे ओढलेलं ठेवतात, म्हणजे नाक दबतं आणि बोट चटकन पाण्यावर येते. मग बटण दाबत हळूहळू बाहेर, म्हणजे नाक उचलतं आणि बोट पॅडवर जाते. याला ट्रिम म्हणतात. कमी ट्रिम केलं तर बोट पाणी नांगरत जाते आणि 15-20 किलोमीटर सहज गमावते. जास्त केलं तर नाक वरखाली आपटायला लागतं, पंखा हवा खातो आणि इंजिन रिकामंच ओरडतं. काही जण जॅक प्लेट लावून अख्खं इंजिनच वर उचलतात, म्हणजे गिअरबॉक्सचा कमी भाग पाण्यात राहतो. वेग वाढतो, पण थंड करणारं पाणी ओढायची भोकं त्याच गिअरबॉक्सवर असतात. म्हणून त्यांच्या डॅशबोर्डवर पाण्याच्या दाबाचा काटा असतो. आपल्याकडे तो काटा नसतो, आपण इंजिनाच्या मागून पडणारी धार बघतो.

पॅडवर चढलेली बोट एका बारीक पट्टीवर तोललेली असते, म्हणून ती डावी-उजवीकडे डोलायला लागते. स्टिअरिंगने बारीक बारीक सांभाळलं नाही तर डोलणं वाढत जातं आणि बोट उलटू शकते. 110 ला चालवणं हे शिकायचं काम आहे, नुसता थ्रॉटल दाबून होत नाही. तिकडे किल स्विचची दोरी अंगाला बांधणं स्पर्धांमध्ये पूर्वीपासून सक्तीचं होतं. 1 एप्रिल 2021 पासून 26 फुटांखालच्या बहुतेक मोटरबोटींसाठी अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानेही ते सक्तीचं केलं. माणूस बाहेर फेकला गेला की दोरी सुटते आणि इंजिन बंद पडतं. आपल्याकडे हीच दोरी मी इंजिनालाच गुंडाळून ठेवलेली बघतो. त्याला काय म्हणावं?

वजनाचं लोकांना कळतं, पण वजन कुठे लपलेलं असतं ते कळत नाही. 21 फुटी बोट, इंजिन, पेट्रोल, बॅटऱ्या, सामान आणि दोन माणसं मिळून दीड टनाच्या पुढे जातात. पेट्रोलची टाकी 190 लिटरची असली तर भरलेली 140 किलो. मासे जिवंत ठेवायच्या टाकीत 110 लिटर पाणी म्हणजे 110 किलो, म्हणून जाताना ती रिकामी ठेवतात आणि मासा लागल्यावर भरतात. मासे पकडताना बोट हळू सरकवायला पुढे विजेची मोटर असते, तिच्या तीन जड बॅटऱ्या काढून लिथियमच्या टाकल्या की 50 किलोच्या आसपास हलकं होतं. आणि किती वजन याइतकंच ते कुठे ठेवलंय हेही बघतात. पुढे जास्त झालं तर नाक उचलत नाही.

हवेचं आपल्या भागात खास सांगण्यासारखं आहे. इंजिन हवा ओढून चालतं आणि तापलेली हवा विरळ असते. 15 अंशांच्या सकाळपेक्षा जळगावच्या मे महिन्यातल्या 45 अंशांच्या दुपारी हवा जवळपास 9 टक्के विरळ. ताकद साधारण तेवढीच घटते, वेग त्याच्या निम्म्याने. म्हणजे 115 ची बोट आपल्या उन्हाळ्यात 110 वर येईल, बाकी काही न बदलता. उंचीचंही तसंच, दर 300 मीटरला 3 टक्क्यांच्या आसपास ताकद जाते. तापीकाठी हा प्रश्न नाही, पण तोरणमाळच्या यशवंत तलावावर, सुमारे 1,100 मीटरवर, तेच इंजिन दहाएक टक्के कमी ताकद देईल. तिथे एक-दोन इंच कमी पिचचा पंखा लावावा.

पाणी अगदी आरशासारखं असलं तर बोट सगळ्यात जास्त पळेल असं वाटतं, पण तसं नाही. बारीक लहरी असल्या तर बुडाखाली थोडी हवा शिरते आणि बोट सुटी होते. लाटा मोठ्या झाल्या की मात्र वेग आपोआप कमी करावा लागतो, पाठीचे मणके सांगतातच. बुडाला शेवाळ धरलं असेल, किंवा ट्रेलरवर चुकीच्या जागी टेकून बूड आत दबलं असेल तर काही किलोमीटर तिथेच गेले. वेग मोजायचा तर जीपीएसवर, आणि जाऊन-येऊन दोन्ही बाजूंनी. वाहत्या पाण्यात एका बाजूचा आकडा फसवतो.

एवढा वेग हवा कशाला? मासे पकडताना तर तो लागतच नाही. जागेवर पोचल्यावर मोठं इंजिन बंद होतं आणि पुढे बसवलेल्या विजेच्या मोटरवर बोट माणसाच्या चालीने सरकते. वेग लागतो तो स्पर्धेमुळे. रे स्कॉट याने 1967 मध्ये अर्कान्सासच्या बीव्हर लेकवर बासची मोठी स्पर्धा भरवली आणि पुढे हा खेळच झाला. सकाळी सगळ्या बोटी सुटतात, संध्याकाळी ठरल्या वेळी वजनाला परत यायचं, आणि चांगली जागा 50-60 किलोमीटर लांब असू शकते. जाण्या-येण्यात वाचलेला प्रत्येक तास गळ टाकायला मिळतो. त्याची किंमतही आहे. पूर्ण थ्रॉटलला 250 एचपी तासाला 80-90 लिटर पेट्रोल पितं, म्हणजे लिटरला सव्वा-दीड किलोमीटर. आपल्या पेट्रोलच्या भावाने गुणून बघा.

आता हतनूर आणि उकाई. बास आपल्याकडे नाही, तो उत्तर अमेरिकेचा मासा. त्याच्यासारखा दबा धरून झडप घालणारा आपला मासा म्हणजे मरळ, आणि ती उथळ, गवताळ काठाला मिळते. तिथे 110 चा वेग काय कामाचा? हतनूरला तापी-पूर्णेने आणलेला गाळ भरपूर आहे, पाणवनस्पती आहेत, आणि 41 दरवाजांपैकी काही उघडे असताना धरणाजवळ जाण्याचा विचारही करू नका. उकाईचा फुगवटा नवापूर-नंदुरबारकडे मोठा पसरतो, पाणीही भरपूर. पण उन्हाळ्यात पातळी उतरली की बुडालेली झाडांची खोडं आणि जुने बांध वर येतात, आणि बाराही महिने मच्छीमारांची जाळी लावलेली असतात. 100 च्या वेगाला जाळ्याचा तरंगता डबा दिसेपर्यंत तो पंख्यात गेलेला असतो. शिवाय तुमच्या दहा मिनिटांच्या हौसेत कुणाचं तरी हजारोंचं जाळं फाटतं. एका मच्छीमार काकांना मी असा व्हिडिओ दाखवला तर त्यांनी एवढंच विचारलं, "भाऊ, हाई नाव मन्ही जायीवरथून गई ते?" म्हणजे, ही नाव माझ्या जाळ्यावरून गेली तर?

इथे घ्यायचीच असेल तर 14-15 फुटी ॲल्युमिनियमची किंवा फायबरची बोट आणि 25 ते 40 एचपीचं ओबीएम घ्या. दोन माणसांवर ती 30 ते 45 जाईल, आणि फुगवट्यात तेवढं पुष्कळ आहे. चार-पाच धिप्पाड माणसं बसवली तर 25 एचपीवर ती पाण्यावर चढेलच असं नाही. आठ-दहा माणसं भरलेली रबर बोट पुरात 10-12 च्या वर का जात नाही, याचं उत्तरही हेच. पाणी जलसंपदा विभागाचं आणि मासेमारीचा ठेका बहुधा एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे, तेव्हा दोघांनाही आधी विचारा. इंजिन लावलेल्या बोटीच्या नोंदणीसाठी इनलँड व्हेसल्स ॲक्ट, 2021 बघावा लागेल.

तुमच्याकडे बोट आधीच असेल तर पंख्यावर कोरलेले दोन आकडे, गिअरचं गुणोत्तर, पूर्ण थ्रॉटलचे आरपीएम आणि नेहमी बसणाऱ्या माणसांची संख्या खाली लिहा. पंखा बदलायला हवा की नाही ते सांगतो.